सफारीत दिसलेला सिंह हा डेटा असतो का?

समजा, तुम्ही सेरेंगेटीत आहात. सकाळचे साडेसहा. गाडीचं छप्पर वर उचललेलं, तुम्ही सीटवर उभे, अंगात स्वेटर, कारण विषुववृत्ताच्या इतकं जवळ असूनही इथल्या पहाटे चांगल्याच गार असतात. समोर तीस मीटरवर एक मेलेला झेब्रा. त्यावर दोन सिंहिणी आणि एक सिंह, तोंडं लालभडक. थोडं लांब पाच-सहा तरस बसलेत, उठतात, दोन पावलं पुढे येतात, परत बसतात. शेजारच्या गाडीतला कोणीतरी म्हणतो, "बघा, राजाने शिकार केली, आता फुकटे आलेत उष्टं खायला."

आता प्रश्न: शिकार कोणी केली?

उत्तर द्यायची घाई करू नका. पीएचडीच्या मुलाखतीत असा प्रश्न आला तर नव्वद टक्के मुलं "सिंहाने" म्हणतील, असा माझा अंदाज आहे. मीसुद्धा तेच म्हटलं होतं, आणि ते डायरीत लिहूनही ठेवलं होतं. माझा मामा दार-एस-सलामला नोकरीला आहे, म्हणून तीन वर्षांपूर्वी ही सफारी घडली. नाहीतर फेलोशिपच्या पैशात सेरेंगेटी कुठे परवडणार! आजची पोस्ट त्या डायरीबद्दल आहे. खरं तर त्या डायरीत जे नव्हतं त्याबद्दल आहे. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर सफारी हे सॅम्पलिंग शिकायचं फार चांगलं उदाहरण आहे. म्हणजे सॅम्पलिंग कसं करू नये, याचं.

रात्री कोण जागं होतं?

सेरेंगेटीच्या आग्नेयेला नगोरोंगोरो हे ज्वालामुखीचं प्रचंड विवर आहे. १९६० च्या दशकात हान्स क्रूक हे शास्त्रज्ञ तिथे आणि सेरेंगेटीत तरसांचा अभ्यास करत होते. तोपर्यंत सगळ्यांचा समज तोच, शेजारच्या गाडीतल्या माणसाचा: सिंह मारतो, तरस उष्टं खातो. क्रूक यांनी एक साधी गोष्ट केली. ते रात्री बाहेर पडले. चांदण्यात गाडीने तरसांच्या मागे मागे फिरले.

आणि चित्र उलटं निघालं. विवरातले ठिपकेदार तरस रात्री टोळीने शिकार करत होते, आणि त्यांच्या खाण्यातला मोठा भाग त्यांनी स्वतः मारलेल्या प्राण्यांचा होता. शिकार झाली की तरसांचा कालवा होतो. तो ऐकून सिंह येत, तरसांना हुसकावत आणि शिकार बळकावत. सकाळी पर्यटक पोचत तेव्हा सिंह खात असत आणि ज्यांची शिकार होती ते बाजूला बसून वाट बघत असत. फोटो खरा, फक्त त्याची गोष्ट उलटी.

इथे एक बारकावा लक्षात घ्या, नाहीतर आपण एका चुकीतून दुसऱ्या चुकीत जाऊ. "तरसच नेहमी मारतो" असं क्रूक यांचं म्हणणं नव्हतं. सेरेंगेटीच्या मैदानात उष्ट्यावर जगण्याचं प्रमाण विवरापेक्षा जास्त दिसलं. म्हणजे एकाच जातीचा प्राणी दोन शेजारच्या जागी वेगळं वागतो. आणि आपल्याकडचा तरस तर वेगळीच जात आहे, पट्टेदार. त्याच्यावर हे निष्कर्ष तसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत.

मग त्या झेब्र्याला कोणी मारलं? मला माहीत नाही. ज्याने सकाळी साडेसहाला ते दृश्य पाहिलं त्या कोणालाच माहीत असणं शक्य नाही. डायरीत मी "सिंहाने मारलेला झेब्रा" असं लिहिलं होतं. लिहायला हवं होतं: "सिंह झेब्रा खाताना दिसले." पहिल्या वाक्यात निष्कर्ष आहे, दुसऱ्यात निरीक्षण. फील्ड नोटबुकचा पहिला धडा हाच, आणि तो पुस्तकात दहा वेळा वाचून कळत नाही.

सफारीच्या चार चाळण्या

सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान जवळजवळ १४,७६३ चौरस किलोमीटर आहे. आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढं. आपण त्यातलं किती बघतो? जे बघतो ते चार चाळण्यांतून गाळून आलेलं असतं.

पहिली चाळणी रस्त्याची. बहुतेक गाड्या मधल्या सेरोनेरा भागात फिरतात आणि ठरलेल्या रस्त्यांवरूनच फिरतात. रस्ते कुठे असतात? नदीकाठाने, पाणवठ्यांजवळ, कोप्ये म्हणतात त्या मोठमोठ्या खडकांच्या ढिगांजवळ. म्हणजे जिथे प्राणी दिसतात तिथे रस्ते काढले गेलेत. मग आपण रस्त्यावरून बघतो आणि म्हणतो, "सिंहांना कोप्ये फार आवडतात." आवडतही असतील, पण आपल्या निरीक्षणावरून ते सिद्ध होत नाही. जिथे रस्ता नाही तिथला सिंह आपल्या यादीत येऊच शकत नाही.

दुसरी चाळणी वेळेची. सूर्य उगवल्यावर निघायचं, अंधार पडायच्या आत परतायचं. जे प्राणी मुख्यतः रात्री वावरतात त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. दुपारी दोनला झाडाखाली लोळणारा सिंह बघून "हा फार आळशी प्राणी" म्हणणं म्हणजे रात्रपाळीच्या नर्सला दुपारी झोपलेलं बघून तसंच म्हणण्यासारखं आहे.

तिसरी चाळणी रेडिओची. सफारीच्या चालकांकडे रेडिओ असतो आणि सगळे एकमेकांना कळवत असतात. स्वाहिलीतले दोन-तीन शब्द तर मलाही पाठ झाले: सिम्बा म्हणजे सिंह, फिसी म्हणजे तरस, न्युम्बू म्हणजे विल्डबीस्ट. रेडिओवर "सिम्बा" ऐकू आलं की दहा मिनिटांत पंधरा गाड्या. पण "फिसी" ऐकून कोणी गाडी वळवताना मला दिसलं नाही. म्हणजे आपली निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत आणि सगळ्या प्राण्यांना सारखी संधीही नाही.

चौथी चाळणी हंगामाची. विल्डबीस्टचे कळप वर्षभर फिरत असतात. साधारण जानेवारी ते मार्च ते दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानात असतात. तिथली माती ज्वालामुखीच्या राखेची, गवत क्षारांनी समृद्ध, पिल्लांना पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या काळात जन्मतात. पुढे जुलै ते ऑक्टोबरच्या सुमारास कळप उत्तरेला मारा नदीच्या बाजूला असतात. मी ऑगस्टमध्ये दक्षिणेचं मैदान पाहिलं असतं तर लिहिलं असतं, "इथे गवताशिवाय काही नाही." आणि फेब्रुवारीत गेलेली माझी मैत्रीण म्हणाली असती, "वेडी आहेस का, पाय ठेवायला जागा नव्हती!"

दिसणं आणि असणं

आता थोडं गणित. घाबरू नका, पाचवीचं आहे.

मानून चला की तुम्ही उघड्या गवताळ भागात १६ सिंह पाहिले आणि तेवढ्याच क्षेत्रफळाच्या झुडपांच्या भागात ६. सरळ निष्कर्ष: सिंहांना उघडं मैदान जास्त पसंत. पण थांबा. उघड्या मैदानात १० सिंह असले तर त्यातले समजा ८ दिसतात. झुडपांत १० असले तर दिसतात २. मग मैदानात खरे सिंह किती? १६ भागिले ०.८, म्हणजे २०. झुडपांत? ६ भागिले ०.२, म्हणजे ३०. निष्कर्ष पूर्ण उलटा!

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत. पण तत्त्व खरं आहे. दिसलेली संख्या म्हणजे असलेली संख्या गुणिले दिसण्याची शक्यता. दिसण्याची शक्यता मोजली नाही तर आपण प्राणी मोजतोय की झुडपं, हे सांगता येत नाही. डिस्टन्स सॅम्पलिंग, मार्क-रिकॅप्चर, ऑक्युपन्सी मॉडेल अशी नावं तुम्ही ऐकली असतील. त्या सगळ्यांच्या मुळाशी ही एकच अडचण आहे: ही शक्यता किती, ते डेटामधूनच कसं काढायचं?

याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे तोच प्राणी पुन्हा पुन्हा मोजणं. माझ्या डायरीत तीन दिवसांत "सिंह: ३१" अशी नोंद आहे. त्यातले किती वेगळे? आम्ही तिन्ही दिवस त्याच नदीकाठाने गेलो होतो. कदाचित दहा-अकरा सिंहांचा एकच कळप मी तीनदा मोजला असेल. संख्याशास्त्रात याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्ट्युअर्ट हर्लबर्ट यांचा १९८४ चा यावरचा पेपर अजूनही वाचावा असा आहे. ३१ निरीक्षणं म्हणजे सॅम्पल साइझ ३१ नव्हे. सिंहांवर काम करणारे यावर उपाय म्हणून मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी बघतात. ती प्रत्येक सिंहाची वेगळी असते आणि जन्मभर बदलत नाही. सेरेंगेटीत १९६६ साली जॉर्ज शॅलर यांनी सिंहांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे अनेक दशकं चालला, तो असा एकेक सिंह ओळखत.

एक लाख की अडीच लाख?

तुम्हाला वाटेल, ही सगळी पर्यटकांची गंमत, शास्त्रज्ञ नीट मोजतात. तर आता शास्त्रज्ञांची गोष्ट.

१९५८ साली जर्मनीचे बर्नहार्ड ग्रझिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी छोट्या विमानातून सेरेंगेटीतले प्राणी मोजले. विल्डबीस्ट निघाले सुमारे १ लाख. (पुढच्याच जानेवारीत विमानाची गिधाडाशी टक्कर होऊन मिखाएल तिथेच गेला. हे काम करताना माणसांनी काय पणाला लावलं, तेही लक्षात असू द्या.) मग १९६१ मध्ये सेरेंगेटी-मारा असा संपूर्ण प्रदेश धरून हवाई मोजणी झाली. आकडा आला दुपटीहून जास्त, दोन लाखांच्या वर.

तीन वर्षांत दुप्पट? हिशेब करून बघू. १ लाखात ५० हजार माद्या, सगळ्या वयात आलेल्या धरा. विल्डबीस्टची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. एकही मादी वांझ नाही, एकही पिल्लू मरत नाही, सिंह उपाशी, तरस उपाशी. तरीही तीन वर्षांत होतील अडीच लाख. म्हणजे हा आकडा गाठायला जवळजवळ कोणी मरताच कामा नये. उलट त्या काळात एक रोग पिल्लांना मारत होता. म्हणून ही वाढ बहुतांशी प्राण्यांची नसून मोजणीची होती. क्षेत्र वेगळं, पद्धत वेगळी, दाट कळप नजरेने मोजताना होणारी चूक वेगळी. दोन आकडे शेजारी ठेवून आलेख काढण्याआधी असा उलटतपास करायची सवय लावून घ्या. पेन आणि पाठकोरा कागद पुरतो.

खरी वाढ त्यानंतर झाली. १९७७ पर्यंत विल्डबीस्ट १३ लाखांच्या आसपास गेले. का? उमेदवार बरेच होते. पाऊस वाढला असेल, शिकार कमी झाली असेल, संरक्षण मिळालं असेल. इथे अँथनी सिंक्लेअर यांचा युक्तिवाद मला फार आवडतो. त्यांनी बघितलं की विल्डबीस्टबरोबर रानम्हशीही वाढल्या, पण झेब्रे वाढले नाहीत. पाऊस किंवा संरक्षण हे कारण असतं तर झेब्रेही वाढायला हवे होते. गवत तेच, सिंह तेच, वनरक्षक तेच. मग फरक कशात? विल्डबीस्ट आणि म्हैस रवंथ करणारे प्राणी आहेत, झेब्रा नाही. आणि रवंथ करणाऱ्यांना होणारा एक रोग नेमका त्याच काळात तिथून नाहीसा झाला होता: बुळकांडी.

तुमच्या आजी-आजोबांपैकी कोणी गुरं पाळली असतील तर त्यांना हा शब्द माहीत असेल. इंग्रजीत रिंडरपेस्ट. १९व्या शतकाच्या शेवटी या साथीने आफ्रिकेतली गुरं आणि रानातले रवंथ करणारे प्राणी झोडपून काढले होते. पुढे सेरेंगेटीच्या आसपासच्या गुरांना लस दिली गेली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्डबीस्टमधूनही रोग गेला. लक्षात घ्या, लस रानातल्या प्राण्यांना दिलीच नव्हती, ती गुरांना दिली होती. रोगाचा साठा गुरांमध्ये होता, तो संपला तसे विल्डबीस्ट सुटले. जो प्राणी वाढला नाही, त्या झेब्र्यामुळे कारण सापडलं. कंट्रोल ग्रुप म्हणजे काय, हे मला एमएस्सीच्या दोन वर्षांत जितकं कळलं नाही तितकं या एका उदाहरणात कळलं.

या गोष्टीत आपलाही वाटा आहे. बुळकांडीवरची बकरीत वाढवून सौम्य केलेली लस १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी आत्ताच्या उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत तयार केली. नंतर केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी पेशींमध्ये वाढवलेली जास्त सुरक्षित लस काढली. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर समूळ गेलेला हा दुसराच रोग.

आणि परिणाम तिथे थांबला नाही. विल्डबीस्ट वाढले, त्यांनी गवत खाल्लं, सुकलेलं गवत कमी उरलं, वणवे कमी झाले, आणि वणवे कमी झाल्यावर रोपं जगून झाडं वाढली. आज आपण "आफ्रिकेचं अस्पर्श रान" म्हणून ज्या झाडांचे फोटो काढतो, त्यांच्यातल्या कित्येकांच्या मागे गुरांना टोचलेली सुई आहे.

मग आज विल्डबीस्ट किती? सफारीतला प्रत्येक गाईड १३-१५ लाख सांगतो. पण २०२५ मध्ये उपग्रहाची छायाचित्रं आणि एआय वापरून केलेली एक मोजणी प्रसिद्ध झाली, तिच्यात आकडा आला ६ लाखांपेक्षा कमी! याचा अर्थ अर्धे प्राणी गेले? की झाडाखाली उभे असलेले उपग्रहाला दिसले नाहीत? की जुन्या पद्धतीत आकडा फुगत होता? की छायाचित्र घेतलं त्या दिवशी काही कळप चौकटीबाहेर होते? यातल्या प्रत्येक शक्यतेसाठी वेगळा पुरावा लागेल. एखादं पर्यटन माहितीपत्रक आणि एखादी बातमी, दोन्ही वाचून "मग खरं काय?" असं अस्वस्थ वाटलं, तर तुम्ही संशोधनाला लायक आहात.

कॅमेऱ्यालाही सावली आवडते

माणसाचा बायस टाळायला यंत्र लावू, असं कोणालाही सुचेल. सेरेंगेटीत ते २०१० पासून केलं गेलं. ११२५ चौरस किलोमीटर भागावर जाळी आखून, दर पाच चौरस किलोमीटरला एक, असे २२५ कॅमेरे लावले. समोरून उष्ण शरीर हललं की फोटो. पहिल्या तीन वर्षांत १२ लाख फोटोसंच जमले. ते बघणार कोण? ऑनलाइन झूनिव्हर्सवर जगभरातल्या २८ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी ते ओळखले. एकाचं उत्तर चुकू शकतं, म्हणून एकच फोटो अनेकांना दाखवला आणि मतं एकत्र केली. तज्ज्ञांशी ताडून पाहिलं तेव्हा जात ओळखण्यात ९७ टक्क्यांच्या आसपास अचूकता निघाली. पुढे याच लेबलांवर कॉम्प्युटरला शिकवलं गेलं. आणि त्या १२ लाखांपैकी पाऊण हिस्सा संचांत प्राणीच नव्हता! ऊन आणि हलणारं गवत. पीएचडीचं आयुष्य म्हणजे दुसरं काय.

हे जाळीतले कॅमेरे रस्त्याला, वेळेला, रेडिओला बांधलेले नव्हते. चार चाळण्यांतल्या तीन गेल्या. मग प्रश्न मिटला? नाही. कॅमेरा कशाला तरी बांधावा लागतो, म्हणून जिथे शक्य तिथे तो झाडाला. उघड्या मैदानात झाडं किती? मोजकी. आणि दुपारच्या उन्हात सिंह कुठे जातो? त्याच झाडाखाली. म्हणजे कॅमेरा सिंहाची वाट बघत नव्हता, सिंह कॅमेऱ्याच्या घरी येत होता. दिवसाचे फोटो धरले की सिंहांची घनता फुगायची. फक्त रात्रीचे फोटो घेतल्यावर अंदाज प्रत्यक्ष माहितीच्या जवळ आला. हे त्यांना कळलं, कारण तिथले सिंह आधीच एकेक ओळखून मोजलेले होते. नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायला जुन्या, कष्टाच्या पद्धतीची गरज लागते, हे विसरू नका.

चौकटीबाहेरची माणसं

सफारीच्या फोटोत माणसं नसतात. तीही एक चाळणीच आहे. सेरेंगेटी हे नावच मासाई भाषेतल्या "अंतहीन मैदान" अशा अर्थाच्या शब्दावरून आलंय. १९५१ मध्ये उद्यान झालं. १९५९ मध्ये हद्दी बदलल्या, नगोरोंगोरो वेगळं केलं गेलं आणि उद्यानात गुरं चारणाऱ्या मासाईंना बाहेर पडावं लागलं. त्यामुळे "निसर्ग असाच होता" असं वाक्य प्रबंधात लिहिण्याआधी कधीपासून आणि कोणाला काढून, हे दोन प्रश्न विचारा. हा भावनेचा मुद्दा आहेच, पण तो पद्धतीचाही आहे. चराई आणि माणसाने लावलेल्या आगी थांबल्या की गवत-झाडांचं गणित बदलतं. तो चल मॉडेलमधून वगळला तर उत्तर चुकतं.

माझा पहिला सीझन

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय, पण शिकले ते मार खाऊन. माझं काम कोकणातल्या सड्यांवरच्या पक्ष्यांवर आहे. सेरेंगेटीहून आल्यावर मी मॅडमना उत्साहाने डायरी दाखवली. त्यांनी ती चाळली आणि एवढंच विचारलं, "तू गेली नाहीस तिथे काय होतं?" मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हाच प्रश्न मी तुझ्या सड्याच्या डेटाबद्दल विचारतेय."

त्या रात्री मी माझे मोजणीचे ६० पॉइंट नकाशावर टाकले. ४३ पॉइंट डांबरी रस्त्यापासून शंभर मीटरच्या आत. का? कारण स्कूटी तिथपर्यंत जात होती. आणि रस्त्याच्या कडेला काय होतं? आंब्याच्या कलमांच्या बागा. माझा डेटा सांगत होता की सड्यावर बुलबुल भरपूर आणि चंडोल कमी. मी सडा मोजलाच नव्हता, मी रस्ता मोजला होता. त्या निष्कर्षावर अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायला चार दिवस उरले होते. नाही पाठवलं. पुढचा सीझन जाळी आखून, पायी. एक वर्ष गेलं. पण एखाद्याने त्या अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या भरवशावर "सड्यावर चंडोल तसेही नाहीत, चिरेखाण द्यायला हरकत नाही" असं म्हटलं असतं तर? त्यापेक्षा वर्ष गेलेलं बरं.

तुम्ही गेलात तर

जायची संधी मिळाली तर जरूर जा, आणि आनंदाने बघा. प्रत्येक क्षणी शास्त्रज्ञ व्हायची गरज नाही. पण वही नेलीत तर एवढं करा.

प्राण्याआधी प्रयत्न लिहा. किती वाजता निघालात, किती किलोमीटर, कुठल्या रस्त्याने, कधी परतलात. प्रयत्नाशिवाय "३१ सिंह" या आकड्याला अर्थ नाही.

काही दिसलं नाही तेही लिहा. "८ ते ९, नदीकाठ, सिंह शून्य." शून्य हाही डेटा आहे, आणि तोच सगळ्यात जास्त वेळा हरवतो.

आपण शोधून काढलेला प्राणी आणि रेडिओवर कळून गेलेला प्राणी यांना वेगळी खूण करा.

निरीक्षण डाव्या पानावर, अंदाज उजव्या पानावर. झेब्रा "मारला" हे उजवीकडे.

चालकाशी बोला, आणि अहो-जाहो करून बोला. आमचे चालक वीस वर्षं तिथे होते. कुठला कळप कुठल्या ओढ्याला असतो हे त्यांना पाठ होतं. मात्र त्यांचं ज्ञानही रस्त्यावरूनच आलंय, हे मनात ठेवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पर्यटक व्हिसावर जाऊन "थोडा डेटा घेऊन येतो" असं चालत नाही. टांझानियात संशोधनासाठी कॉस्टेक, म्हणजे तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञान आयोगाची परवानगी लागते. वन्यजीवांचं काम असेल तर तावीरी या वन्यजीव संशोधन संस्थेकडूनही जावं लागतं. नमुने उचलणं तर सोडाच, पीससुद्धा खिशात टाकू नका.

जाता येत नसेल, तरी काही अडत नाही. ताडोबाच्या जिप्सीत हेच सगळं घडतं: तोच रस्ता, तीच वेळ, तीच गाजलेली वाघीण, आणि दहा गाड्यांतून दहा वेळा मोजलेली. भारतात वाघांची गणती ठशांवरून कॅमेऱ्यांवर यायला सरिस्कातले वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड व्हावं लागलं. कागदावर वाघ होते, जंगलात नव्हते. त्याच्या दशकभर आधी उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत पट्ट्यांवरून वाघ ओळखून कॅमेऱ्याने संख्या काढायची पद्धत दाखवून दिली होती. पद्धत असून वापरली नाही तर काय होतं, याचं हे उदाहरण. आणि अगदीच घरबसल्या करायचं असेल तर सेरेंगेटीसारखे कॅमेऱ्याचे फोटो ओळखायचं काम झूनिव्हर्सवर करता येतं. दोनशे फोटो ओळखा, मग रिकामं गवत म्हणजे काय ते कळेल.

तर, सफारीत दिसलेला सिंह हा डेटा असतो का? असू शकतो. तो दिसायला तुम्ही कुठे, कधी, कसे गेलात आणि कुठे गेला नाहीत, हे सोबत लिहिलेलं असेल तर. नसेल तर ती आठवण असते. आठवणीही हव्यातच. माझ्या टेबलासमोर तो झेब्र्याचा फोटो अजून लावलेला आहे. खाली पेनाने लिहिलंय: "शिकार कोणाची, माहीत नाही."

तुम्ही जे काम करायच्या विचारात आहात, त्यातला तुमचा डांबरी रस्ता कुठला? सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक संध्याकाळ त्यावर घालवा.